भुकेला हात

नेस्टर बेलग्रेव्हने गुडघा टेकला तेव्हा त्याची काठी दोन्ही हातांत आडवी होती आणि मान खाली गेली होती. फों-पाले गावात काठीच्या झुंजीच्या रिंगणात या खुणेचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो: मी हरलो, आता मारू नको. ढोल वाजवणाऱ्या तिघांनी ती खूण पाहिली आणि त्यांचे हात थांबले. रिंगणाभोवती उभ्या असलेल्या सगळ्या गावाने ती पाहिली. एव्हारिस्त गेरानेही पाहिली. पण त्याने ती पाहिली तोपर्यंत त्याची काठी नेस्टरच्या डाव्या कानामागे उतरून परत त्याच्या खांद्याशी आलेली होती.

आवाज फार मोठा झाला नाही. ढोल थांबल्यामुळे मात्र तो सगळ्यांना ऐकू आला.

रिंगणाच्या मधोमध एक खड्डा खणलेला असतो. ज्याला जखम होते त्याने उठून तिथवर चालत जायचे आणि आपले रक्त त्या खड्ड्यात सांडायचे, म्हणजे हार पक्की होते आणि वैर मातीत मुरते, असा रिवाज. नेस्टरला तिथे चौघांनी फरफटत नेले. त्यांच्यात पुढे एव्हारिस्त होता. नेस्टरच्या काखेत हात घालून तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कोंपे, कोंपे." एव्हारिस्तच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी नेस्टरने हातांवर घेतले होते. असे दोन पुरुष एकमेकांना कोंपे म्हणतात, आणि सख्ख्या भावाशी भांडणारी माणसेही कोंपेशी जपून बोलतात. त्या दुपारची झुंज वैराची नव्हतीच. कार्निव्हलचा सोमवार होता, दोघांनी रम प्यायली होती, आणि ढोल चांगले लागले होते.

राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन बायका चर्चमधून परतत असताना, नेस्टर गेला.

शहरातून एक साहेब चौकशीला आला. त्याने चार जणांना तेच चार प्रश्न विचारले, अपघाती मृत्यू असे ठरवले आणि मळ्यावरच्या कोको वाळवण्याच्या माचीखाली बसून जेवून निघून गेला. गावाने स्वतःची चौकशी वेगळी केली. एव्हारिस्तची काठी पोईच्या लाकडाची होती आणि ते झाड कबरस्तानाच्या कुंपणाला लागून वाढलेले होते, हे आता सगळ्यांना आठवले. काठीत मेलेल्यांपैकी कुणीतरी शिरले होते, तिने माणसाच्या हाताला ओढून नेले, असा निकाल झाला. वडीलधाऱ्यांनी काठीचे तुकडे केले, त्यांवर रम ओतली आणि ते मोरुगाच्या समुद्रात फेकून दिले. काठीला दोषी ठरवणे सोयीचे असते. काठीला बायको नसते, ती रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर येऊन बसत नाही, आणि तिला शिक्षा केल्यावर मळ्यावर कामाला एक माणूस कमी पडत नाही. एकाच मळ्यावर, एकाच ओळीत राहणाऱ्या माणसांना परस्परांचे अपराध पुढेही सोसत राहायचे असतात. त्यासाठी त्यांनी शोधलेल्या युक्त्यांपैकी ही एक होती, आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही.

ती युक्ती एका माणसाला पटली नाही. नेस्टरचा धाकटा भाऊ सेल्विन तेलाच्या विहिरींवर काम करी. लोखंडी नळ्या फिरवून फिरवून त्याची मनगटे दंडाएवढी झाली होती. दफनानंतर तो सर्वांसमक्ष एव्हारिस्तजवळ आला.

"काठी बुडाली," तो म्हणाला. "आता धरणारा उरला."

"सेल्विन, मी त्याला—"

"मला सांगू नको. तू त्याचा कोण होतास, ते मला ठाऊक आहे. पुढच्या कार्निव्हलला रिंगणात ये. नाही आलास तर मी कोयता घेऊन तुझ्या दारात येईन. तिथं ढोलही नसतील आणि गुडघा टेकायची सोयही नसेल."

एव्हारिस्तने होकारार्थी मान हलवली. गावाने सुटकेचा श्वास टाकला, कारण वैर आता रिवाजाच्या चौकटीत आले होते. एव्हारिस्त गेराला हरवणारा माणूस त्या बाजूला कुणी नव्हता. तेव्हा सेल्विनचीही कवटी फुटणार, असे हळहळत का होईना, सगळे धरून चालले.

एव्हारिस्तचा हात कसा घडला होता, हे सांगितले पाहिजे.

तो हात घडवला पापा झेनो या म्हाताऱ्याने. त्या भागातल्या दोन पिढ्यांना काठी त्याने शिकवली होती. त्याचा एक डोळा जुन्या माराने पांढरा पडला होता आणि उजव्या हाताची दोन बोटे वळत नसत. त्याच्याकडे माणसाची चपळाई मोजण्याचे एक साधन होते. साल काढलेला सरळसोट दांडा, आणि त्यावर बोटबोट अंतराने तापल्या सळईने डागलेली वळी. शिष्याने हात पुढे करून मूठ उघडी धरायची. पापा झेनो दांड्याचे खालचे टोक त्या मुठीत लोंबते धरी आणि वरचे टोक आपल्या हातात ठेवी. शिष्याने बोटांकडे पाहून लबाडी करू नये म्हणून तो स्वतःच्या हातावर फडके टाकी. मग तो मनात येईल तेव्हा दांडा सोडी. शिष्याची मूठ खालून ज्या वळ्यावर मिटे, ते त्याचे माप; वळे जितके खालचे तितका हात चपळ. साधारण माणूस पाचव्या-सहाव्या वळ्यावर पकडी. चांगला झुंजार चौथ्यावर. एव्हारिस्त दुसऱ्यावर पकडत असे, आणि हे माप मोरुगापासून गॅस्पारिलोपर्यंत लोकांच्या तोंडी होते.

माप सुधारायचे ते मार खाऊन. शिष्याला आवारात मधोमध उभे करायचे, तिघांनी तीन बाजूंनी हिरव्या, दगडासारख्या नारिंग्या फेकायच्या आणि त्याने त्या काठीने उडवायच्या. चुकली ती बरगडीवर, ओठावर, डोळ्यावर बसे. नारिंगी अडवताक्षणी फटका परत गेलाच पाहिजे, असा पापा झेनोचा दंडक होता. "अडवणं आणि मारणं यांच्यात मुंगी शिरेल एवढीसुद्धा फट नको," असे तो म्हणे. ज्याच्या अडवण्यात आणि मारण्यात फट दिसे त्याच्या पोटरीवर तो स्वतःची काठी ओढी.

आणि एक गोष्ट होती. दांडा सुटण्याआधीच कधी एखाद्याची मूठ हवेतच मिटे. अशा वेळी पापा झेनो रागावत नसे. तो बोळक्या तोंडाने हसे आणि म्हणे, "भुकेला हात आहे. छान. पुन्हा." ती रिकामी मूठ तो मापात धरत नसे.

एव्हारिस्तचा हात सर्वांत भुकेला होता. मळ्यावर दिवसभर माणसाला दुसऱ्याच्या घंटेने उठावे लागे, दुसऱ्याच्या शिट्टीने बसावे लागे. उक्त्या कामात हात जितका चटचट चाले तितके काम मुकादम पुढच्या आठवड्याला वाढवून देई. त्या हाताचा वेग मळ्याच्या मालकीचा होता. वर्षातून दोन दिवस रिंगणात तोच वेग त्याचा स्वतःचा होई, आणि त्या दोन दिवसांसाठी त्याने आपल्या डोळ्याच्या आणि हाताच्या मध्ये जे काही होते ते सगळे घासून काढले होते. तिथे काय होते, असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

तो प्रश्न पडला ईस्टरआधीच्या उपासकाळात, एका संध्याकाळी. तो उंबऱ्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. जेवण तयार झाले हे सांगायला त्याची बायको क्लेमेन्स मागून आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे कोपर मागे गेले. क्लेमेन्स भिंतीवर आदळून खाली बसली. तिने ओंजळीत थुंकले, आणि त्या रक्तात दोन दात होते.

तो धावला तेव्हा तिने हात वर करून त्याला लांबच थांबवले.

"काठी समुद्रात गेली ना?" ती म्हणाली. ओठ फाटल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "मग हे कुणी केलं?"

"मला कळलंच नाही, क्लेमेन्स. हात आपोआप—"

"आपोआप! मी लग्न कुणाशी केलंय, तुझ्याशी की त्या हाताशी? पाद्र्यानं त्याचं नाव नव्हतं घेतलं."

"तू मागून आलीस…"

"नेस्टर पुढून होता," क्लेमेन्स म्हणाली.

त्यानंतर ती अंथरूण उचलून मुलीच्या खोलीत गेली. घरात ती त्याच्याजवळून जाताना आधी खोकत असे, जनावराच्या मागून जाताना माणूस आवाज देतो तसे. एव्हारिस्त ते खोकणे ऐके, आणि त्याच्या मनात एकच विचार येई. सेल्विन आपल्याला मारील याची त्याला भीती नव्हती. रिंगणात सेल्विनने गुडघा टेकला तर काय होईल, याची होती.

तो पापा झेनोकडे गेला. म्हातारा कसावा सोलत बसला होता.

"पापा, मला मोजा."

"उपासकाळात?" पापा झेनो हसला. "तुझं माप गावातल्या कोंबड्यांना पाठ आहे. दुसरं वळं."

"रिकाम्या मुठीही मोजा."

"काय?"

"तुम्ही सोडायच्या आधीच माझी मूठ मिटते, ती."

"ती कशाला मोजायची? तिच्यात असतं काय? वारा."

"तरी मोजा. आणि सोडण्याआधी मला थांबवून ठेवा. हवं तेवढं."

म्हाताऱ्याने कुरकुरत दांडा आणला, हातावर फडके टाकले. पहिल्या खेपेला त्याने सोडलाच नाही. एव्हारिस्तची मूठ मिटली. दुसऱ्या खेपेलाही मिटली. तिसऱ्यांदा दांडा नेमका त्याच क्षणी सुटला आणि दुसऱ्या वळ्यावर पकडला गेला. पापा झेनो नेहमीच्या सवयीने "वा!" म्हणाला आणि मग त्याने दांडा पुन्हा वर धरला. ते दोघे ऊन उतरेपर्यंत तेच करत राहिले. अर्ध्याहून अधिक वेळा मूठ वाऱ्यावर मिटली. आणि दात-ओठ चावून, घामाघूम होत, जेव्हा जेव्हा एव्हारिस्तने दांडा खरोखर सुटलेला पाहून पकडला, तेव्हा तेव्हा तो पाचव्या वळ्यावर सापडला. चारचौघांसारखा.

दुसरे वळे हे त्याच्या चपळाईचे माप कधी नव्हतेच. तो न पाहता झेप घेत आला होता. त्यातल्या ज्या झेपा नशिबाने बरोबर पडल्या त्यांची गावाने कीर्ती केली होती, आणि उरलेल्या हसण्यावारी नेल्या होत्या. त्या हसण्यावारी नेलेल्यांपैकीच एक नेस्टरच्या कानामागे पडली होती.

"तुम्ही हसायचात, पापा," एव्हारिस्त म्हणाला. "रिकामी मूठ मिटली की तुम्ही हसायचात."

"हसणारच! माझा आजा मला असंच शिकवायचा. त्याच्या पाठीवर चाबूक यायचा, चाबूक. ज्याचा हात वाट बघत राहिला त्याच्या पाठीचं काय झालं, तुला कुठून ठाऊक असणार? तू पगार घेणारा माणूस!" पापा झेनोचा आवाज चिरकला. त्याने दांडा कोपऱ्यात भिरकावला. "थांबणारा हात मेलेला असतो. हे तुझं खूळ घेऊन रिंगणात उतरलास तर सेल्विन तुला जागीच ठेवील."

"ठेवू दे."

"मग माझ्याकडे कशाला आलास? सुताराकडे जा, पेटी बनवून घे."

म्हाताऱ्याची चूक होती, पण त्याच्या आजाची नव्हती. ज्याच्यावर चाबूक उगारलेला आहे त्याच्याकडून कुणी विचाराची अपेक्षा करू नये. त्याने न पाहता हलणे हेच शहाणपण असते. अडचण अशी की चाबूक उचलणारा गेल्यावरही ते शहाणपण आपण एकमेकांवर चालवत राहिलो, आणि त्याला कला म्हणू लागलो.

पापा झेनो शिकवणार नाही म्हटल्यावर उरली क्लेमेन्स. ती मळ्यावर कोकोची फळे फोडण्याचे काम करी. डाव्या हातात फळ, उजव्या हातात कोयता, एक घाव, एक पिळा, आणि फळ उघडे. घाव टरफलातच थांबला पाहिजे. आतली बी कापली गेली तर ती कुजते, आणि मुकादम तेवढे काम धरत नाही. एव्हारिस्त तिच्यासमोर जाऊन बसला आणि बराच वेळ तिचा हात पाहत राहिला.

"काय बघतोस?" ती खोकून म्हणाली.

"तू कोयता थांबवतेस कसा?"

"थांबवत कुठं? टरफलाएवढाच मारते. आधीच ठरलेलं असतं."

"समोर माणूस असला तर आधी ठरत नाही. तो काय करील ते तोच ठरवतो."

"मग बघ ना त्याच्याकडे! डोळे कशाला दिलेत देवानं? हॅट अडकवायला?" तिने एक फळ फोडले, मग दुसरे उचलून हातात तोलले. ते पिवळे होते. शेजारच्या ढिगात चुकून तोडलेली हिरवी पडली होती. तिने दोन्हींकडे पाहिले. "ऊठ," ती म्हणाली. "काठी घे. हिरवं आलं तर उडव. पिवळं आलं तर हलायचं नाही. अंगावर घ्यायचं."

"कोकोचं फळ? अंगावर?"

"नेस्टरनं काठी घेतलीच की अंगावर."

पहिले पिवळे फळ एव्हारिस्तने उडवले. दुसरेही. त्याला रंग दिसत होता, पण दिसेपर्यंत काठी गेलेली असे. क्लेमेन्स प्रत्येक चुकीनंतर जवळचे, जड फळ निवडू लागली आणि जोराने फेकू लागली, कारण तिच्या दातांची जागा अजून भरली नव्हती आणि भरणारही नव्हती. शेवटी त्याने एक पिवळे येऊ दिले. ते छातीच्या मधोमध बसले आणि तो दोन पावले मागे जाऊन खाली बसला. श्वास यायला वेळ लागला.

"हं," क्लेमेन्स म्हणाली. "हे एक."

असे ते पुढचे कित्येक महिने चालले. काम सुटले की मागच्या आवारात ती दोघे उभी राहत. नारिंग्यांचा हंगाम आला की नारिंग्या, नाहीतर कोकोची फळे. एव्हारिस्तचे अंग निळे, मग पिवळे, मग पुन्हा निळे झाले. एक बरगडी पिचली ती भरून येण्याआधी पुन्हा पिचली. उजव्या भुवईवर खोक पडली. कुंपणापलीकडून शेजारीण ओदिल, जिला सगळे तांती म्हणजे मावशी म्हणत, पाहत राही.

"क्लेमेन्स, कपाळावर मार गं! तिथं आत काही नाहीच, दुखायचं नाही!"

"तू ये अलीकडे, तांती. एक पिकलेलं तुझ्यापुरतं ठेवलंय."

"बाई गं, नवऱ्याला बाजारहाटानं मारणारी पहिलीच तू! आमचे आम्ही लाटण्यावर भागवायचो!"

एव्हारिस्त हसत नसे. तो फळाकडे पाहत असे. पावसाळा सरता सरता त्याला एक गोष्ट जाणवू लागली, जी त्याने कुणाला सांगितली नाही. क्लेमेन्सच्या हातून सुटल्यापासून फळ पोहोचेपर्यंत मध्ये जागा होती. अगदी अरुंद, पण होती. तिथे उभे राहता येत होते. तिथे उभे राहणे त्याला कोणत्याही मारापेक्षा जड जाई. सगळे अंग पुढे झेपावू पाहत असताना त्याला आवरून धरायचे आणि पाहायचे, एवढेच काम. नाताळपर्यंत तो पिवळी फळे अंगावर घेऊ लागला होता. हिरवी मात्र पूर्वीसारखी उडत नव्हती. चारातले एखादे चुकून लागत होते. गावातल्या तरण्यांशी सराव करताना त्याच्या डोक्याला पहिल्यांदा काठी लागली, आणि मारणारा पोरगा इतका घाबरला की काठी टाकून पळाला.

त्याला काठी लागल्याची बातमी सेल्विनपर्यंत गेली असणारच. क्लेमेन्सने खोकणे कधी सोडले, हे एव्हारिस्तला नेमके कळले नाही. एके दिवशी ती मागून आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे सगळे अंग ताठ झाले, पण कोपर जागेवर राहिले. तिने बोटांनी त्याच्या मानेवरचा जुना वण चाचपला आणि आत गेली.

कार्निव्हलच्या सोमवारी दुपारी रिंगणाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. गाणाऱ्याने नेस्टरचे नाव घेऊन गाणे उचलले आणि बायकांनी ते पकडले. सेल्विन डोक्याला लाल फडके बांधून आत आला. त्याने रिंगणाच्या चारी दिशांना काठी टेकली आणि झुंजाऱ्यांची आरोळी ठोकली, "बोआ!" एव्हारिस्तने नवी, साधी काठी आणली होती. क्लेमेन्स पुढच्या रांगेत उभी होती.

पहिले दोन फटके सेल्विनचे. एव्हारिस्तने ते अडवले, पण उशिरा. दुसऱ्या फटक्यात त्याच्या डाव्या हाताची करंगळी काठ्यांमध्ये चिरडली. गर्दीतून आवाज उठला. अडवल्यावर त्याचा परतीचा फटका गेला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिले होते.

"झोपलास काय रे एव्हारिस्त?"

"त्याला कोको पाजा कुणीतरी!"

सेल्विनने तिसरा फटका खांद्यावर, चौथा बरगडीवर उतरवला. जुनी पिचलेली बरगडी आतल्या आत सरकली आणि एव्हारिस्तच्या तोंडात रक्ताची चव आली. पाचवा फटका डोक्यावर येत होता. तो त्याने पाहिला, पूर्ण पाहिला, काठी आडवी घातली आणि मग, वेगळा विचार करून, वेगळा फटका मारला. तो सेल्विनच्या गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ढोलांतूनही आला. सेल्विनचा डावा हात लोंबला.

सेल्विन लडखडला. त्याचा उजवा गुडघा वाकला आणि जमिनीकडे गेला. काठी खाली आली. पण शरणागतीची काठी दोन्ही हातांत आडवी धरायची असते, आणि सेल्विनला एकच हात उरला होता. काठी तिरकी राहिली. गुडघा मातीला लागत होता की नव्हता, हे कुणालाच सांगता आले नसते. एव्हारिस्तची काठी डोक्यावर उचललेली होती आणि सेल्विनचा लाल फडक्यातला माथा तिच्या बरोबर खाली होता.

"मार!" गर्दी ओरडली. "मार त्याला!"

काठी वर थांबली. एव्हारिस्त पाहत होता.

सेल्विनने मान वर केली. त्याला दिसली ती फक्त वर उचललेली काठी. त्याचा धड हात खालून वर गेला. काठीचे टोक एव्हारिस्तच्या गालाचे हाड फोडून डाव्या डोळ्यात शिरले.

ढोल थांबले. एव्हारिस्त पडला नाही. चेहऱ्याची एक बाजू रक्ताने आणि त्याहून घट्ट कशाने तरी भरून गेली होती. उरलेल्या डोळ्याला सेल्विन दिसत होता, आता खरोखर दोन्ही गुडघ्यांवर, काठी हातातून सुटलेली, माथा उघडा. एव्हारिस्तची काठी अजून वरच होती. ती उतरली असती तर गर्दीतल्या कुणीही नावे ठेवली नसती. पापा झेनो कठड्याला धरून उभा राहिला होता आणि काहीतरी ओरडत होता. एव्हारिस्तने काठी खाली आणली, मातीवर ठेवली, आणि आपल्या पायांनी चालत खड्ड्यापर्यंत गेला. तिथे गुडघे टेकून त्याने चेहरा खाली केला.

सेल्विन मोडका हात पोटाशी धरून त्याच्याजवळ आला.

"का थांबलास?" त्याने विचारले. त्याचा आवाज चढलेला होता. "हात वर होता तुझा. का थांबलास?"

"तुझा गुडघा टेकतोय की नाही, ते बघत होतो."

"मग? टेकत होता?"

"ते तुला ठाऊक," एव्हारिस्त खड्ड्यात बोलला.

क्लेमेन्स रिंगणात शिरली होती. बायकांनी आत पाऊल ठेवायचे नसते, पण तिला कुणी अडवले नाही. तिने डोक्याचे फडके सोडून त्याच्या चेहऱ्यावर दाबले आणि सेल्विनकडे पाठ केली.

डोळा गेला. एव्हारिस्त जगला, जखम चिघळून महिनाभर तापात पडून राहिला, आणि उठल्यावर मुकादमाने त्याला फळे तोडण्याच्या कामावरून काढून वाळवणाऱ्या माचीवर घातले. रक्त सांडले होते म्हणून वैर संपले, असे गावाने ठरवले. एव्हारिस्त हरला, कारण तो मंद झाला होता, असेही ठरवले. रिंगणाच्या कडेला बसून माणसे त्याची गोष्ट तशीच सांगतात. त्यांच्याकडे हात थांबल्याचे माप नाही, म्हणून ते तिथे काही पाहू शकत नाहीत.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात सेल्विन गळ्यात हात बांधून एव्हारिस्तच्या आवारात आला. क्लेमेन्स दारात उभी राहिली. तिने आत ये म्हटले नाही. एव्हारिस्त माचीवरून परतून पायरीवर बसला होता. सेल्विन त्याच्या धड डोळ्याच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"टेकत होता," तो म्हणाला.

एव्हारिस्तने पायरीवर थोडे सरकून जागा केली. सेल्विन बसला नाही. पण गेलाही नाही.